ऑडिशनवाले अण्णा

नाटकात जाते म्हटल्यावर पोरीला कोंडून ठेवणारा बाप आता फक्त नाटकातच उरलाय. तो मिशीवाला, काठी आपटणारा बाप आमच्या भूम तालुक्यात शोधून सापडायचा नाही. २०१६ साली ‘सैराट’ आला. दिग्दर्शक करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा, नायिका अकलूजची. म्हणजे सगळी आपल्याच पट्ट्यातली माणसं! तिथंच बापलोकांचा विरोध ढासळला. पण विरोध गेला म्हणजे पोरांची पीडा टळली असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं ईटला येऊन अण्णांना भेटावं.

असे अण्णा गावोगाव आहेत. आमच्या ईटचे खव्याचा धंदा करतात. लेक बारावीला. एका संध्याकाळी तिनं धीर करून सांगितलं, “अण्णा, मला नाटक शिकायचंय.” दोन वेळचं जेवण टाकायची, रडायची, आजीला मध्ये घालायची सगळी तयारी तिनं करून ठेवली होती. अण्णांनी चष्मा लावला, वही ओढली आणि विचारलं, “कटऑफ कितीला लागतो?”

पोरीचे हाल तिथून सुरू झाले.

लातूर आम्हाला फार लांब नाही. त्या पॅटर्ननं इकडच्या बापांना एक शिकवलंय, की जगात शिकण्यासारखं जे काही आहे त्याला प्रवेश परीक्षा असते, तिचा क्लास असतो आणि तो क्लास लावला नाही तर पोरगं वाया जातं. थोरल्याच्या नीटच्या वेळची फाईल अण्णांनी माळ्यावरून खाली काढली, ‘वैद्यकीय’वर काट मारून ‘नाटक’ लिहिलं आणि एका विद्यापीठाच्या नाट्य विभागात फोन लावला. “रिपीटर बॅच आहे का? मागच्या पाच वर्षांतली स्वगतं सोडवून मिळतील का? नॉन-क्रिमीलेअर लागतं का?” समोरच्या बाईंना शेवटच्या प्रश्नाचं तेवढं उत्तर देता आलं.

अभ्यास मात्र अण्णांचा पक्का, हे मान्य केलंच पाहिजे. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ पासूनचं, तिथं बारावीनंतर बी.ए. करता येतं. सतीश आळेकर तिथं प्रमुख होते, हेही त्यांना पाठ. नाटक मात्र त्यांनी आळेकरांचं एकही पाहिलेलं नाही. संभाजीनगरला विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे. वामन केंद्रे तिथून शिकून दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले आणि २०१३ साली त्याच शाळेचे संचालक झाले. “केज तालुक्यातला माणूस,” असं अण्णा सांगतात तेव्हा केज हा ईटचाच एखादा वाडा असावा असं ऐकणाऱ्याला वाटतं. २०१७ साली सत्त्याण्णवावं नाट्यसंमेलन आपल्या जिल्ह्याच्या गावी भरलं होतं, जयंत सावरकर अध्यक्ष होते, हा मुद्दा ते प्रत्येक चर्चेत आणतात. त्याचा ॲडमिशनशी संबंध काय, हे विचारायची कुणाची छाती नाही.

मध्येच पुण्यात शिकणारा भाचा सुट्टीला आला आणि त्यानं गणितच बिघडवलं. म्हणाला, “मामा, नाटकाच्या कोर्सला कशाला घालता? ज्या कॉलेजचा नाटकाचा ग्रुप तगडा आहे तिथं कॉमर्सला घाला आणि पुरुषोत्तम करू द्या.” पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चाललाय. भरत नाट्य मंदिरात ‘आवाज कुणाचा’च्या आरोळ्या सुरू झाल्या की छप्पर राहतंय की जातंय असं होतं, वगैरे त्यानं रंगवून सांगितलं. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे ॲडमिशन कॉमर्सला, फी कॉमर्सची, आणि शिकायचं नाटक?”

“हो.”

“मग कॉमर्स कोण शिकतं?”

भाच्याकडं याचं उत्तर नव्हतं. पुण्यातल्या निम्म्या नटांकडंही नसावं.

आता लेकीला खरं हवंय ते संगीत नाटक. तिचा गळा गोड आहे, आजीच्या मांडीवर भारुडं ऐकून तयार झालेला. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ गाण्यांसकट उभं केलं तेव्हापासून आपल्याकडं गाणारा नट हा वेगळा प्राणी नव्हताच, असं ती तळमळून सांगत होती. आमच्या अण्णांनी वहीत नोंद केली : ‘गाणे – जादा गुण?’

बापाशी भांडताही येत नाही, हे तिचं खरं दुखणं. मैत्रिणींचे बाप नाही म्हणतात, त्या बंड करतात, त्यांच्या आयुष्यात नाट्य आहे. हिच्या आयुष्यात वेळापत्रक आहे. पहाटे पाचला आवाजाचा रियाज, सहाला देहबोली, सातला दूध घालायला येणाऱ्यांसमोर प्रात्यक्षिक.

अण्णांचा जीव अडकलाय दिल्लीत. तिथं पदवी लागते, म्हणजे अजून तीन वर्षं आहेत. पण किमान सहा नाटकांत काम केल्याचा पुरावाही लागतो, म्हणून यादी आतापासूनच. शाळेचं गॅदरिंग, शिवजयंतीला जिजाऊ, गणपतीतली एकांकिका, ग्रामस्वच्छतेचं पथनाट्य, आणि पाचवीला असताना केलेलं झाड. पाच झाली.

परवा भट्टीवर गेलो तर तालीम चालू. पाचेक लिटर दूध आटवलं की किलोभर खवा निघतो. तीन वर्षं पोरगी आटवून काय निघणार, असा प्रश्न अण्णांच्या चेहऱ्यावर होता आणि हातात मोबाईलचं घड्याळ. पोरगी स्वगत म्हणत होती. लेकरू गेलेल्या आईचं. सुरुवातीला बेताचंच वाटलं. मग तिनं आवाज खाली घेतला, दुपट्याची घडी घालावी तशी ओढणीची घडी घालायला लागली आणि घालतच राहिली. कढईवरच्या गड्याचा हात थांबला. मीही कशाला आलो होतो ते विसरलो.

“तीन मिनिटं चाळीस,” अण्णा म्हणाले. “दुःख जरा कमी कर. तीनच मिनिटं आहेत.”

तेवढ्यात करपल्याचा वास आला. खवा बुडाला लागला होता. अण्णा गड्यावर धावले, “हात का थांबवलास रं?” तो डोळे पुसत म्हणाला, “मालक, तायडीनं रडवलं.”

अण्णांनी पोरीकडं पाहिलं, कढईकडं पाहिलं. शिवी ओठावर आली होती, ती गिळली. वही उघडली आणि लिहिलं : ‘प्रयोग सहावा. स्थळ – आपली भट्टी. प्रेक्षक – तीन. नुकसान – एक कढई.’ आणि पुराव्याला गड्याचा अंगठा घेतला.