भावी वैमानिकाचे कान

ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या लोकलच्या पट्ट्यात विमान चालवायला शिकवणारी एकही धावपट्टी नाही. कल्याणजवळ नेवाळीला दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली एक धावपट्टी आहे, परंतु तिचे नाव वर्तमानपत्रात येते ते संरक्षण खाते आणि शेतकरी यांच्यातल्या जमिनीच्या वादामुळे, आणि २०१७ मध्ये तर त्या वादाला आंदोलनाचे उग्र वळण लागले होते. असे असूनही नौपाडा, टिळकनगर किंवा खडकपाडा अशा वस्त्यांतून, बारावीला भौतिकशास्त्र व गणित घेतलेला आणि व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यामागे, म्हणजे रोजच्या भाषेत सीपीएलमागे, लागलेला तरुण आता दुर्मीळ राहिलेला नाही. तो उड्डाण शिकतो बारामतीला, धुळ्याला, जळगावला किंवा गोंदियाला. पण त्याचे निरीक्षण करायचे असेल तर ते त्याच्या घरी आणि शक्यतो पावसाळ्यात करावे, कारण ढग खाली उतरले की उड्डाणे रखडतात, मुले सुटीवर घरी येतात आणि घरी आलेला भावी वैमानिक आपला पहिला हेडसेट निवडायला बसतो.

सोसायटीत त्याला वॉचमनपासून सचिवांपर्यंत सगळे 'कॅप्टन' म्हणतात, आणि विद्यार्थी-वैमानिकाला विमानात एकही प्रवासी नेण्याची मुभा नसते हा तपशील तो कोणाला आपणहून सांगत नाही. रेडिओवरून नियंत्रण कक्षाशी बोलण्याचा जो वेगळा परवाना लागतो, ज्याला आरटीआर म्हणतात, त्याच्या तयारीमुळे त्याची बोली बदललेली असते: ऐकताना घोटाळा होऊ नये म्हणून रेडिओवर इंग्रजी तीनचा उच्चार 'ट्री', पाचचा 'फाइफ' आणि नऊचा 'नाइनर' करतात, त्यामुळे पोळ्या किती वाढू या प्रश्नालाही 'ट्री' असे उत्तर येते. नियंत्रकाची सूचना जशीच्या तशी परत म्हणून दाखवण्याची पद्धतही, जिला रीडबॅक म्हणतात, त्याने घरात आणलेली असते. "गायीचं दूध, दोन पिशव्या, आणि येताना कोथिंबीर" हे वाक्य तो दारात उभा राहून पूर्ण परत म्हणतो आणि कोथिंबीर विसरत नाही. एवढ्या फीमधून आतापर्यंत घराला झालेला प्रत्यक्ष फायदा तो हाच, असे आईचे मत असते.

हेडसेटचा प्रश्न मुळात कानांचा आहे. सेसना १७२ सारख्या एका इंजिनाच्या विमानात, ज्यावर असंख्य विद्यार्थी शिकतात, आतला आवाज सहज ९० डेसिबलच्या पुढे जातो. डेसिबल हे आवाज मोजण्याचे एकक वर्गातल्या पट्टीसारखे सरळ वाढत नाही. दर १० डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दसपट होते. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्याच्या निकषांप्रमाणे ८५ डेसिबलमध्ये माणसाने दिवसाला फार तर आठ तास काढावेत आणि त्यापुढे प्रत्येक ३ डेसिबलला ही मुदत निम्मी करावी, म्हणजे ९४ डेसिबलला जेमतेम एक तास उरतो. परवान्यासाठी तर किमान २०० तास उडावे लागते. आतल्या कानातल्या सूक्ष्म केसपेशी एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत आणि वैमानिकाच्या वैद्यकीय तपासणीत ऐकू येण्याची चाचणी असते, तेव्हा हेडसेट हा काही हौसेचा दागिना नव्हे. ढोल-ताशा पथकात दोन हंगाम काढलेला डोंबिवलीचा तरुण ही माहिती प्रथम वाचतो तेव्हा थोडा गप्प होतो, हे नमूद केले पाहिजे.

बाजारात या कामासाठी दोन संप्रदाय आहेत. पहिला निष्क्रिय, म्हणजे पॅसिव्ह: जाड कवच, कानाभोवती घट्ट बसणारी गादी आणि डोके आवळून धरणारा पट्टा यांच्या जोरावर आवाज बाहेर अडवायचा. दुसरा सक्रिय, ज्याला एएनआर म्हणतात: कवचाच्या आतला छोटा माइक आवाज टिपतो आणि यंत्रणा त्याच्या नेमक्या उलट्या लाटा सोडून तो जागच्या जागी खोडते, मात्र त्याला वीज लागते, आणि इंजिनाच्या घरघरीसारख्या जड, सलग आवाजावर तो विशेष चालतो. पहिल्या संप्रदायाचे दैवत मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर गावची डेव्हिड क्लार्क कंपनी आणि तिचा हिरव्या कवचांचा हेडसेट, दुसऱ्याचे, बोस.

बोसचा पक्ष घरात आपोआप बळकट होतो, कारण कंपनी काढणाऱ्या अमर बोस यांचे वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले स्वातंत्र्यचळवळीतले कार्यकर्ते होते. आणि एरवी बंगाल्यांशी तुलना निघाली की तावातावाने बोलणारे बाबा, १९७८ मध्ये झुरिचहून बोस्टनला जाताना विमानातल्या हेडफोनला वैतागून बोस यांनी बसल्या जागी आकडेमोड सुरू केली आणि त्यातूनच १९८९ मध्ये वैमानिकांसाठीचा एएनआर हेडसेट बाजारात आला हे कळल्यावर, "शेवटी आपलाच माणूस" असे म्हणून जातात. किंमत लाखाच्या पुढे आहे हे कळेपर्यंत ते या मतावर ठाम असतात. त्यानंतर त्यांना एकदम जे. आर. डी. टाटा आठवतात: १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला पुस मॉथ विमानातून टपाल आणले, तेव्हा त्यांच्या डोक्यावर लाखाचे काही होते का, असा त्यांचा सवाल असतो. निम्म्याहून कमी किमतीतला डेव्हिड क्लार्क त्यामुळे पुढे सरकतो. पण ही कंपनी सुरुवातीच्या काळात स्त्रियांची अंतर्वस्त्रे बनवत असे, ही तितकीच खरी माहिती आजीसमोर देता येत नसल्याने, १९६५ मध्ये अंतराळात चाललेल्या एड व्हाइटचा पोशाख त्यांनीच शिवला होता, एवढा उत्तरार्धच तिच्यापर्यंत पोचवला जातो.

राहते घर बँकेकडे गहाण ठेवून अर्ध्या कोटीच्या आसपासचा खर्च उचललेल्या कुटुंबाने या एका वस्तूवर एवढ्या रात्री जागवाव्यात, हे वरवर पाहता विसंगत वाटते, परंतु बारकाईने पाहिल्यास त्याला कारण आहे. हवामान कधी उघडेल, विमान दुरुस्तीतून कधी बाहेर येईल, प्रशिक्षक कधी मोकळा होईल, परीक्षेचा निकाल कसा लागेल आणि परवाना हाती आल्यावर विमान कंपन्या भरती करत असतील की नाही, यांतले काहीही या घराच्या हाती नसते. फीचे हप्तेसुद्धा दुसऱ्यानेच ठरवलेले असतात. ठरवण्यासारखा उरतो तो हेडसेटच. शिवाय अर्ध्या कोटीच्या बदल्यात जे मिळते ते लॉगबुकातल्या ओळींच्या रूपात मिळते, आणि लॉगबुक पाहुण्यांना दाखवले तरी त्यांना काही कळत नाही. हेडसेट मात्र मामेभावाच्या डोक्यावर चढवता येतो.

म्हणूनच चर्चेला अंत नसतो. विद्यार्थी चष्मा लावतो, आणि चष्म्याच्या काड्या गादीखालून जाताना जी फट ठेवतात तिच्यातून आवाज आत शिरतो, तेव्हा हेडसेट ठरण्याआधीच तो डोंबिवलीच्या फडके रोडवर जाऊन बारीक काडीची नवी फ्रेम करून येतो. वजनाचा मुद्दा निघतो, कारण टाळूवर एकाच जागी दाबणारा पट्टा तासाभरात डोके उठवतो. मैत्रिणीला बोसचे ब्लूटूथ आवडलेले असते. उड्डाण-शाळेत सर्वांसाठी ठेवलेले जुने हेडसेट आहेतच, त्यांवर भागव, असे काका सुचवतात. आधीच्या विद्यार्थ्याच्या घामाने ओली झालेली गादी आणि ओठांना जवळजवळ टेकणारा माइकचा स्पंज यांचे वर्णन ऐकल्यावर आईच काकांना गप्प करते.

खरी परीक्षा प्लगची असते. लहान प्रशिक्षण विमानात हेडसेटला दोन प्लग लागतात, ऐकण्याचा जाड आणि बोलण्याचा थोडा बारीक. हेलिकॉप्टरच्या हेडसेटला बहुधा एकच असतो. अमेरिकेत एडिसनला राहणाऱ्या मावशीला हे फोनवर तीनदा सांगूनही, "एकाच वायरचा बरा, गुंता होत नाही" अशा व्यवहारी विचाराने तिने हेलिकॉप्टरचा मागवून बॅगेतून आणल्याचे प्रकार घडतात. मग जोडणीचा तुकडा, म्हणजे अ‍ॅडॅप्टर, शोधण्यात आठवडा जातो आणि मावशीला काही कळू द्यायचे नाही यावर घरात एकमत होते. पुढे एअरबस मिळाली तर तिथे पाच पिनांचा वेगळाच प्लग असतो. पण तो विचार कोणी बोलून दाखवत नाही.

वस्तू घरी आली की दिवाणखान्यात चाचणी होते. पंखा पाचवर, सोसायटीच्या पाण्याच्या पंपाची वेळ साधलेली, आणि कॅप्टन डोळे मिटून खुर्चीत. एएनआर असेल तर तो बटण दाबतो, पंप आणि पंखा दोन्ही विरघळल्यासारखे होतात, चेहऱ्यावर समाधान पसरते. पण माणसाचा आवाज त्या घरघरीइतका खोडला जात नाही, उलट वरचे आवरण गेल्याने तो अधिक स्वच्छ कानी येतो, आणि आईने स्वयंपाकघरातून दिलेली "गॅस बंद कर रे" ही सूचना आजवर कधी नव्हे इतकी स्पष्ट पोचते. तो रीडबॅक देतो आणि उठतो.

बारामतीला परतल्यावर जेमतेम काही तासांची उड्डाणे गाठीशी असलेला हाच तरुण नव्या मुलांना गादीतले जेल आणि फोम यांतला फरक समजावू लागतो, आणि परवाना निघाल्यावर शेजारच्या विंगमधल्या मुलाला आपला हेडसेट नव्या गाद्या बसवून विकण्याचे ठरवतो. रिकामा खोका या सगळ्या काळात बाबांनी माळ्यावर दोन पिशव्यांत गुंडाळून ठेवलेला असतो, कारण खोक्यासकट माल दिला तर दोन हजार जास्त मागता येतात.