बैठकीतले आबा

आबा हे सातारा शहरातील तयारी-बैठकांत हमखास आढळणारे गृहस्थ होत. साहित्य संमेलन, नाट्य संमेलन, शिक्षकांचे अधिवेशन, ज्ञातीचा मेळावा किंवा शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचे स्नेहसंमेलन, कशाचीही पहिली बैठक सुरू होऊन दहा मिनिटे झाली की ‘मी खरं तर काही बोलणार नव्हतो’ असे म्हणून जे उठतात ते आबा. त्यांचे पाळण्यातले नाव वेगळे असते, पण ते फक्त बँकेच्या पासबुकात आणि निमंत्रणपत्रिकेच्या मागच्या पानावर बारीक टाइपात सापडते. हीच जात सांगलीत, सोलापुरात आणि नाशकातही दिसते. तिथे तिला तात्या, अण्णा, नाना अशी नावे आहेत.

आबा वाढायला गाव बेताचे लागते. पुण्या-मुंबईत संमेलन म्हटले की मांडववाला, केटरर आणि ‘इव्हेंट’वाला असे तिघे मिळून ते उरकतात, खेड्यात एका वाड्याच्या ओसरीवर सगळे ठरते. साताऱ्यात यांपैकी एकही सोय नाही. १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक इथे झाला आणि शहर मराठ्यांची राजधानी झाले. राजधानी गेली, पण कारभारात आपले मत विचारले जावे ही अपेक्षा पेठापेठांतून उरली. त्यात पेठांची नावे वारांवरून. ‘मंगळवारी बैठक’ असा निरोप गेला की दोघेतिघे मंगळवार पेठेत जाऊन बसतात, आणि ‘शुक्रवारात जमू’ म्हटले की काहीजण शुक्रवार उजाडेपर्यंत घरी थांबतात. म्हणून जाणते आबा निरोपात वार, पेठ आणि कोणाच्या दुकानावर हे तिन्ही सांगतात. तरीही एक सभासद चुकतोच, आणि पुढच्या बैठकीत ‘मला कळवलेच नव्हते’ हा विषय त्याच्यामुळे येतो.

आबांची वंशावळ संमेलनांच्या तारखांवरून लावता येते. मराठी ग्रंथकारांचे पहिले संमेलन १८७८ मध्ये पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली भरले. दुसरे १८८५ मध्ये, तेही पुण्यातच. तिसरे भरायला २० वर्षे गेली आणि ते १९०५ मध्ये साताऱ्यात भरले. मधली २० वर्षे कशात गेली, हे ज्याने एक तरी तयारी-बैठक पाहिली आहे त्याला विचारावे लागत नाही. त्या संमेलनाचे अध्यक्ष रघुनाथ पांडुरंग करंदीकर हे साताऱ्याचेच वकील. अध्यक्ष गावातलाच, म्हणजे प्रवासखर्च आणि उतरण्याची सोय हे दोन्ही विषय आपोआप निकाली. आजचे आबा ही गोष्ट अजून हळहळून सांगतात. त्यानंतर साताऱ्याची पाळी आली ती १९६२ मध्ये. अध्यक्ष होते काकासाहेब गाडगीळ. हेच काकासाहेब १९५४ च्या दिल्लीच्या संमेलनात स्वागताध्यक्ष होते. माणूस स्वागत करता करता अध्यक्ष होऊ शकतो याचा हा पुरावा प्रत्येक स्वागत समितीतले दोघेतिघे मनात जपून असतात. पुढे १९९३ मध्ये विद्याधर गोखले अध्यक्ष असलेले संमेलन झाले, आणि २०२६ च्या जानेवारीत शाहू स्टेडियमवर ९९ वे, विश्वास पाटील यांच्या अध्यक्षतेखाली. शंभराला एक कमी पडला, ही आबांची खंत. वर्षभर दम धरला असता तर, असे ते म्हणतात. मात्र दम धरा असे बैठकीत कोणी सुचवले असते तर त्याला विरोध करणारे पहिले तेच असते.

या चार संमेलनांत ५७, ३१ आणि ३३ वर्षांची अंतरे आहेत. एवढ्या अंतराने येणारा पाहुणा एका माणसाच्या वाट्याला फार तर दोनदा येतो, एकदा स्वयंसेवक असताना आणि एकदा आबा झाल्यावर. १९९३ मध्ये पंचविशीत असलेला, निवास समितीच्या गाद्या मोजणारा तरुण २०२६ मध्ये ५८ वर्षांचा झाला. राज्य सरकारी नोकरीत निवृत्तीचे वयही ५८. इतका नेमका योग सरकारने मुद्दाम जुळवला नसावा.

आबांच्या अधिकाराचा उगम या ‘त्र्याण्णव’मध्ये आहे. हे साल ते नुसते उच्चारतात. पुढचे वाक्य ऐकणाऱ्याने मनात पुरे करायचे असते. मांडवाचे दर चढे आले, त्र्याण्णवला... स्वयंसेवक मिळेनात, त्र्याण्णवला... विद्याधर गोखल्यांना चहा आपण नेऊन दिला, असे सांगणारे आबा शहरात इतके आहेत की सगळ्यांचे खरे मानले तर अध्यक्षांना भाषणाला वेळ कुठून मिळाला हा प्रश्न पडतो. त्या वेळचा बिल्ला आबांनी जपून ठेवलेला असतो. तो हरवला असेल तर तो मागून नेणारा आणि परत न करणारा माणूस जपून ठेवलेला असतो. दर बैठकीत त्याच्याकडे एकदा पाहिले जाते.

आबांचे साहित्य थोडके. कापडी पिशवी, तिच्यात लांबट वही, दोन पेनं (एक लिहायचे, एक मागणाऱ्याला द्यायचे आणि ते परत घेईपर्यंत त्याच्याकडे बघत राहायचे), पावतीपुस्तक, आणि घटनेची झेरॉक्स. घटना म्हणजे संस्थेची. भारताच्या घटनेपेक्षा ही पातळ असली तरी आबांना ती तोंडपाठ असते, विशेषतः गणपूर्तीचे कलम.

बैठकीची वेळ सायंकाळी साडेपाच असते, कारण सहाला जमायचे असते. सहा वाजता पाचजण हजर असतात आणि गणपूर्तीला अकरा लागतात. मग आबा घड्याळ बघून सभा तहकूब झाल्याचे जाहीर करतात. तहकूब सभा अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरते आणि तिला गणपूर्तीची अट नसते, अशी तरतूद बहुतेक संस्थांच्या घटनांत आहे. ज्याने ती घातली तो मराठी माणूस ओळखून होता. या अर्ध्या तासात कोणी जागचे हलत नाही. चहा येतो, पावसाचा आणि कासच्या तलावात पाणी किती चढले याचा विषय निघतो, आणि संमेलनाचे खरे निर्णय याच वेळात होऊन जातात. ते नियमात बसत नसल्याने पुढचे दोन तास त्यांवर चर्चा करावी लागते.

मग विषयपत्रिका. पहिला विषय ठरलेला, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. इतरांच्या लेखी हे एक मिनिटाचे काम आहे, आबांच्या लेखी बैठकीचा गाभा. इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ असे असेल तर ते ‘साधकबाधक चर्चा झाली’ अशी दुरुस्ती सुचवतात. ‘सर्वानुमते’ आणि ‘एकमताने’ यांतला फरक ते दरवेळी समजावून देतात आणि दरवेळी तो थोडा वेगळा असतो. सूचक कोण, अनुमोदक कोण याची नोंद राहिली असेल तर आबा स्वतःचे नाव अनुमोदक म्हणून देतात. सूचकाला नंतर काम करावे लागते. अनुमोदकाचे काम हात वर केला की संपते.

पुढे समित्या. निवास, भोजन, मंडप, निधी, प्रसिद्धी, ग्रंथदिंडी, ग्रंथप्रदर्शन, स्मरणिका, कविकट्टा अशा त्या नेहमीच्या. प्रत्येकीला निमंत्रक, सहनिमंत्रक आणि सल्लागार. जो काम करील त्याला निमंत्रक करतात, जो रुसेल त्याला सहनिमंत्रक, आणि ज्याचे काय करावे हे कळत नाही त्याला सल्लागार. आबा सर्व समित्यांचे सल्लागार असतात. एखादा प्रश्न फार चिघळला की ‘तत्त्वतः मान्य’ असा शिक्का मारून तो उपसमितीकडे जातो. तत्त्वतः मान्य म्हणजे पैसे सोडून बाकी सगळे मान्य.

भोजन समितीत एक समज पक्का आहे की बाहेरगावचा साहित्यिक पिठले-भाकरीसाठी आसुसलेला असतो. त्यामुळे चारपैकी दोन जेवणे पिठले-भाकरीची ठरतात, तिसऱ्याला ठेचा वाढतो, आणि साहित्यिक चौथ्या जेवणाला पोवई नाक्याकडे हॉटेल शोधत फिरताना दिसतो. कंदी पेढ्यांबाबत दुमत नसते. पाहुण्याला पाव किलोचा पुडा की ताटात दोन, एवढ्यावरच रात्रीचे दहा वाजतात.

सर्वांत लांब चालणारा विषय ग्रंथदिंडीच्या मार्गाचा. वरकरणी तो सोपा आहे. दिंडी राजवाड्यापासून निघावी हे गृहीत, पोवई नाक्याच्या अंगाला जावी हेही गृहीत. पण शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला उतरणीवर वसलेले, आणि राजवाड्याकडून नाक्याकडे जायला एक वरचा रस्ता म्हणजे राजपथ, आणि दुसरा खालचा. वरच्या रस्त्यावर दुकाने मोठी, म्हणून स्वागताच्या कमानी आणि वर्गणी तिकडची. खालच्या रस्त्यावर राहणारे मात्र म्हणतात की गणपती, मोर्चे आणि प्रचारफेऱ्या मिरवायला वरचा, आणि आम्ही काय नुसते खड्डे मोजायचे? एक तरुण सभासद उत्साहाने सुचवतो की नाक्यावरच्या नव्या ग्रेड सेपरेटरमधून दिंडी नेली तर वाहतूक अडणार नाही. यावर आबा चष्मा काढतात. ‘ज्ञानेश्वरी भुयारातून नेणार?’ एवढेच विचारतात. तरुण सभासद पुढच्या बैठकीपासून वाहतूक समितीत जातो. अखेर जाताना वरून, येताना खालून असे ठरते. दिंडी परत येत नसते, हे सगळ्यांना माहीत असूनही ठराव एकमताने होतो आणि खालच्या रस्त्याची इतिवृत्तात तरी सोय लागते.

जिल्ह्यात कऱ्हाड आहे, ही आबांची एक वेगळीच अडचण. १९७५ चे कऱ्हाडचे संमेलन दुर्गा भागवतांच्या अध्यक्षतेखाली ऐन आणीबाणीत झाले आणि यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष होते. पुस्तकांतून अजून त्याच्यावर लिहिले जाते. २००३ मध्ये कऱ्हाडला पुन्हा संमेलन झाले. २००९ मध्ये महाबळेश्वरला झाले, ते अध्यक्षाविना, कारण आनंद यादव यांनी आधीच राजीनामा दिला होता. बैठकीत कऱ्हाडचे नाव निघाले की आबा पाणी मागतात. महाबळेश्वरचे निघाले की त्यांना थोडी उभारी येते. अध्यक्ष नसला तरी संमेलन होते, तयारी नसली तर होत नाही, असे त्यांचे जुने म्हणणे तिथे सिद्ध झाले आहे.

स्वागताध्यक्षाच्या निवडीला आबांच्या लेखी फारसे महत्त्व नाही. तो मोठा असावा आणि बैठकीला येऊ नये. मोठा असला की निधी येतो, आणि आला नाही की बोलायला वेळ मिळतो. महामंडळाची माणसे मात्र त्यांना लागतात. अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाचे कार्यालय पुणे, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर यांच्या घटक संस्थांत आळीपाळीने फिरते. ते यंदा कुठे आहे यावरून आबा पत्रातला मायना, पेढ्यांचा आकार आणि पुण्याबद्दलचे मत बदलतात.

प्रत्यक्ष संमेलनाच्या दिवसांविषयी सांगण्यासारखे थोडे आहे, कारण त्या दिवसांत आबा कोणाला दिसत नाहीत. ते मंडपाच्या मागे असतात. परिसंवाद चालू असतो तेव्हा ते एका कवीच्या खोलीची किल्ली शोधत असतात. अध्यक्षीय भाषण चालू असते तेव्हा जनरेटरवाल्याशी बोलत असतात. पुस्तकांच्या दालनात ते एकदाच जातात, फ्यूज उडाला म्हणून. त्यांना संमेलनातले एकही वाक्य ऐकू आलेले नसते, तरी संमेलन कसे झाले असे विचारल्यावर ते ‘त्र्याण्णवची सर नाही’ असे ठामपणे सांगतात. समारोपात आभार मानताना त्यांचे नाव राहते. आबा ते मनावर घेत नाहीत असे म्हणतात, आणि आभार मानणाऱ्याचे नाव वहीत लिहून ठेवतात.

खरा हंगाम नंतर येतो. मांडववाल्याचे बिल, उरलेल्या ४० शाली, स्मरणिकेच्या जाहिरातींचे न आलेले पैसे, गणतीत कमी भरलेल्या चार गाद्या, एकाच श्रीफळाच्या दोन पावत्या, या सगळ्यांना मिळून चार महिने पुरतात. मग श्रमपरिहाराचे जेवण ठरते आणि त्याच्या तयारीसाठी तीन बैठका होतात. या जेवणाला पिठले-भाकरी ठेवावी असे कोणी सुचवत नाही.

सरतेशेवटी स्वागत समिती विसर्जित करण्याचा ठराव मांडला जातो. सूचक कोणीतरी निघतो, अनुमोदक आबा. सगळे उठू लागतात, चपला शोधू लागतात. तेव्हा आबा घटनेची झेरॉक्स पिशवीतून काढतात आणि एक तांत्रिक बाब लक्षात आणून देतात. विसर्जनाचा ठराव ज्या सभेत झाला तिचे इतिवृत्त अजून कायम व्हायचे आहे, आणि ते पुढच्याच सभेत होऊ शकते. त्या सभेचे इतिवृत्त त्याच्या पुढच्या. पुढची बैठक गुरुवारी ठरते. कोणीतरी विचारते, गुरुवारी की गुरुवारात? आबा वही उघडतात.