दाजींचं फाउंडेशन

हिंगोली जिल्ह्यात बोट बाळगणं ही खासगी बाब राहत नाही. समुद्र गाठायचा तर रस्त्यानं पाचशेहून जास्त किलोमीटर जावं लागतं, आणि भर उन्हाळ्यात कयाधू नदी ओलांडताना चप्पल काढायचीही गरज पडत नाही. अशा मुलखात आमच्या दाजींनी कोकणातून एक जुनी फायबरची बोट ट्रकवर घालून आणली, तेव्हा औंढ्यापासून सिद्धेश्वरपर्यंत रस्त्याकडेच्या प्रत्येक हॉटेलातली गिऱ्हाईकं हातात कप घेऊन बाहेर आली. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते त्यांच्या तोंडावर बोलायची आमच्याकडे पद्धत नाही.

पूर्णा नदीवर वर येलदरी आणि खाली सिद्धेश्वर अशी दोन धरणं आहेत. सिद्धेश्वरच्या पाण्यात मासे धरणारी मंडळी थर्माकोलच्या तराफ्यावर बसून कटला-रोहूची जाळी टाकतात. तराफ्याला इंजिन नसतं, म्हणून इंजिनाचे रोगही नसतात. दाजींच्या बोटीला मात्र पोटात डिझेल इंजिन, मागे शाफ्ट आणि पाण्याखाली पंखा असा सगळा संसार होता. परवानगीचा कागद कोणत्या टेबलावर किती दिवस बसला तो वेगळा विषय, तो सोडून देऊ.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं आणि बोटीतली स्टीलची ताटली आपणहून चालत चालत कडेला गेली. दाजींचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. ताई काठावरून म्हणाली, "अहो, बंद करा, दात पडतील."

गंमत अशी की याच औंढा नागनाथ तालुक्यात, दुधाळ्याच्या शिवारात, लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायची आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असतील आणि गुरुत्वीय लहरींमुळे त्यांच्या लांबीत पडणारा, प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या हिश्श्याइतका फरकसुद्धा मोजला जाईल. अमेरिकेतल्या अशा वेधशाळांत ४० किलोचे आरसे काचेच्या बारीक तंतूंवर टांगलेले असतात, का तर जमिनीची थरथर त्यांच्यापर्यंत पोचू नये. इंजिनाखालची रबरं तेच काम उलट्या बाजूनं करतात. तिथं जगाची थरथर यंत्राला लागू द्यायची नाही, इथं यंत्राची थरथर जगाला. दाजींच्या बोटीत ती जगाला लागत होती. "तुमची बोट सुरू झाली की शास्त्रज्ञ म्हणतील, दोन ताऱ्यांची टक्कर झाली," असं भाचा म्हणाला आणि त्याचं जेवण उशिरा वाढलं गेलं.

मग वैद्य जमले. मराठवाड्यात इंजिनाचं ज्ञान विहिरीवरून आलेलं आहे. वीज येण्याआधी काठावर डिझेल इंजिन असायचं, खाली सिमेंटचा ओटा, ओट्यात पुरलेले बोल्ट, आणि ते इंजिन पिढ्यान्‌पिढ्या डुगडुगत पाणी ओढायचं. त्यामुळे पहिला सल्ला आला तो असा: "दोन पोती सिमेंट ओता बोटीत. हलतंय कामून ते बघतो मी." सल्ला देणाऱ्याचा आत्मविश्वास इतका होता की दाजींनी सिमेंटचा भाव विचारला. बोटीचा तळ पाण्यात वाकतो-लवतो, सिमेंट लवत नाही. ते तडकतं आणि त्या फटींत पाणी कायमचं राहायला येतं, हे पटवायला अख्खी संध्याकाळ गेली. दुसरा सल्ला वेल्डरचा. आमच्याकडे वेल्डर कोणत्याही प्रश्नावर एकच उत्तर देतो. फायबरला वेल्डिंग होत नाही म्हटल्यावर तो बोटीकडे, एवढं शिकून वाया गेलेल्या पोराकडे बघावं तसा बघत राहिला.

ट्रॅक्टरचे मिस्त्री त्यातल्या त्यात मार्गावर होते. खाली वाकून म्हणाले, "फाउंडेशन रबर गेलंय." गेलंच होतं. वर्षानुवर्षं डिझेल ठिबकून रबर फुगलं होतं. साध्या रबराला डिझेल मानवत नाही. नवी रबरं आली, बसवली. बोल्ट आवळायला घेतला तर पाना फिरतोय, बोल्ट फिरतोय, आवळत मात्र काहीच नाही. मिस्त्रींनी भोकात काडेपेटीच्या काड्या कोंबल्या. दारच्या बिजागरीला हा उपाय चालतो. इथं पाच मिनिटांत काड्यांचा भुगा बाहेर आला.

रोग शेवटी ओळखला तो फायबरवाल्यानं. हा माणूस कूलरच्या बॉड्या आणि देवळापुढचे नंदी करतो. त्यानं आयुष्यात बोट पाहिलेली नव्हती, पण पोकळ वस्तू ओळखणं हाच त्याचा धंदा. छोटा हातोडा घेऊन तो इंजिनाखालच्या दोन लांब दांड्यांवर ठोकत गेला. पुढच्या बाजूला टणटण आवाज आला, इंजिनाच्या पायांपाशी बद्दबद्द. "दाजी, इंजिनाला काही झालं नाई. वरून फायबर हाय, आत भुस्सा झालाय."

जुन्या फायबर बोटींत हे सर्रास होतं. इंजिनाचा बेड म्हणजे लाकडाचा गाभा आणि त्यावर फायबरचं कातडं. बांधणारा कातडं आरपार भोसकून लाकडात स्क्रू पिळतो, आणि पाण्याला आत जायला त्याच भोकातून वाट मिळते. वरचं फायबर चकचकीत राहतं, आतलं लाकूड कुजतं. स्क्रू ढिला होतो, ढिल्या स्क्रूमुळे भोक रुंदावतं, रुंद भोकातून आणखी पाणी जातं. जितकं आवळाल तितकं बिघडतं.

चेनपुली आणि तिपाई लावून इंजिन वर उचललं. ग्राइंडरनं वरचं कातडं कापलं. आतलं लाकूड ताईच्या स्वयंपाकघरातल्या कलथ्यानं खरवडून निघालं. (कलथा परत मिळाला नाही, नवा आणावा लागला.) मग बेड वाळवायचा होता. दमट किनाऱ्यावर हे काम लांबत जातं. आमच्या मे महिन्यानं ते फुकटात आणि झटपट केलं; या जिल्ह्याच्या उन्हाचा कुणी इतका मनापासून आनंद मानल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

पण त्याच उन्हानं पुढे सूड घेतला. रेझिनमध्ये हार्डनर घातला की ते घट्ट होतं, आणि हवा जितकी तापलेली तितकं लवकर. दुपारी कालवलेलं रेझिन बोटीपर्यंत पोचायच्या आत डब्यातच गोठलं, ब्रशसकट. तेव्हापासून काम पहाटे. दाजींना त्यात मदत करायची होती, पण फायबरवाल्यानं कोबाल्ट आणि हार्डनरचे डबे त्यांच्यापासून लांब ठेवले. ती दोन्ही रेझिनमध्ये वेगवेगळी मिसळायची असतात. थेट एकमेकांत ओतली तर भडका उडतो. दाजींनी एकदा "दोन्ही आधीच एकत्र करून ठेवू का?" असं विचारलं होतं.

गाभ्यासाठी दाजींनी जुन्या वाड्याची सागवानी चौकट काढून आणली. सागाला अंगचं तेल असतं, रेझिन त्याला नीट धरत नाही. म्हणून तिच्याऐवजी मरीन प्लायचे थर बसवले, त्यावर फायबरची मॅट आणि रेझिन चढलं. बोल्टांची भोकं मुद्दाम मोठी पाडून इपॉक्सीनं भरली आणि त्या इपॉक्सीत पुन्हा बारीक भोकं पाडली, म्हणजे पाणी शिरलं तरी लाकडाला शिवणार नाही. दोन्ही अंगांना लोखंडी अँगल लावून आरपार बोल्ट टाकले. अँगलवर इंजिनाच्या पायांसाठी पट्ट्या वेल्ड करायच्या होत्या. वेल्डरला बोलावलं. तो काही बोलला नाही, फक्त हसला.

शेवटी शाफ्टची लाइन. इंजिन आणि शाफ्ट यांच्या कपलिंगची दोन तोंडं एकमेकांना समांतर हवीत; फरक कपलिंगच्या दर इंच व्यासामागे इंचाचा एक हजारावा हिस्सा, त्यापलीकडे नको. काठावर फिलर गेजनं मोजलं तेव्हा चोख होतं. बोट पाण्यात उतरवली आणि माप चुकलं. जमिनीवर टेकलेली बोट आणि तरंगणारी बोट यांचा आकार थोडा वेगळा असतो, म्हणून लाइन पाण्यातच, बोटीला एक दिवस स्थिरावू देऊन लावायची. मिस्त्री म्हणाले, "शेतात एवढं कोण मोजायलंय?" पण गुडघाभर पाण्यात उभं राहून लावून दिली त्यांनीच.

इंजिन सुरू झालं. ताटली जागची हलली नाही. ताईनं त्या ताटलीत भजी ठेवून खात्री केली. लगेच धरणाचं पाणी उतरायला लागलं, आणि आता बोट काठापासून बरीच लांब, चिखल वाळून भेगाळलेल्या जमिनीवर उभी आहे.

दाजींनी ती विकायला काढली आहे. कुणाला घ्यायची असेल तर जरूर यावं. चहापाणी आमच्याकडे. फक्त इंजिनाचा आवाज ऐकून सौदा करू नका. जुनी फायबरची बोट दाजींची असो की कुणाची, येताना हातोडा घेऊन या आणि बेडवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकून बघा. कलथा मात्र कुणी मागू नये.