जास्वंदीचा अट्टल चोर

अहो वहिनी, या की जरा कुंपणापाशी. तुमचा तो व्हिडिओ बघितला हो काल. आमच्या नणंदेनं नागपूरहून पाठवला! तुम्ही टाकलात गल्लीच्या ग्रुपवर आणि मला आला नागपूरमार्गे.

माकडटोपी, काखेत कापडी पिशवी, टाचा उंचावून फांदी खाली ओढतायत. आणि वर तुम्ही काय लिहिलंत? 'अट्टल चोर. ओळखा आणि धडा शिकवा.' ओळखलं की सगळ्यांनी. मागच्या गल्लीतले मास्तर. जावई वकील आहे त्यांचा, ठाऊक आहे ना?

फुलं तोडली हे खरंच आहे, मी कुठं नाही म्हणतेय! पण माझी अख्खी नोकरी कोर्टात गेली. अब्रुनुकसानीच्या फौजदारी खटल्यात नुसतं 'खरं आहे' म्हणून भागत नाही. ते चारचौघांत सांगण्यात लोकांचं हित होतं, हेही दाखवावं लागतं. आता चार जास्वंदींत कसलं लोकहित दाखवणार तुम्ही? पूर्वी कलम 500 होतं, आता न्याय संहितेचं 356. दोन वर्षांपर्यंत साधी कैद, नाहीतर दंड, नाहीतर समाजसेवा. तुमचे गुडघे बघता समाजसेवासुद्धा जडच जायची.

डिलीट केलात? तुमच्या फोनमधून गेला असेल. नणंदेच्या भिशी ग्रुपवर अजून फिरतोय.

भावजींचं टेन्शन मात्र घेऊ नका. ते ॲडमिन आहेत म्हणून कुणी त्यांना धरणार नाही. 2021 साली नागपूर खंडपीठानं सांगितलंय, सभासदानं काही टाकलं तर नुसता ॲडमिन आहे म्हणून गुन्हेगार ठरत नाही. संगनमत असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून म्हणते, त्या व्हिडिओखाली त्यांनी तीन अंगठे कशाला टाकले?

हसू नका. पालघरचं विसरलात? 2012, बाळासाहेब गेले तेव्हा. एका मुलीनं मुंबई बंदवर फेसबुकला दोन ओळी लिहिल्या, मैत्रिणीनं नुसतं लाइक केलं. दोघींना अटक! पुढं गुन्हा टिकला नाही आणि ते 66अ कलमही सुप्रीम कोर्टानं 2015 ला रद्द केलं. पण तोवर जमावानं एकीच्या काकांचं हॉस्पिटल फोडून झालं होतं. ते कुठल्या कोर्टानं भरून द्यायचं?

मला तर कलमापेक्षा तुमच्या त्या 'धडा शिकवा'चीच भीती वाटली. धुळ्याकडचं राईनपाडा आठवा. 2018 चा जुलै, आठवडी बाजार. व्हॉट्सॲपवर मुलं पळवणाऱ्या टोळीची आवई उठलेली. भिक्षा मागायला आलेले पाच डवरी गोसावी ठेचून मारले हो लोकांनी. त्यांना कुणी ओळखतही नव्हतं.

आणि सूनबाईंनाही सांगा. नातवाचा फोटो गणवेशात, छातीवर शाळेचं नाव, वर 'चाललो गणपतीपुळ्याला, चार दिवस धमाल!' म्हणजे पोरगं कुठल्या शाळेत आणि घराला कुलूप कधी, दोन्ही एका फोटोत. खऱ्या चोराला आणखी काय हवं? त्याला जास्वंदीत रस नसतो.

बरं, त्या वकील जावयाचं कळलं का? जवळ या. तोंडी बदनामीलाही तेच कलम लागतं म्हणा, पण इथं साक्षीला कोण येणार, तुमची तुळस? तर तो जावई म्हणे गेल्या दिवाळीपासून सासऱ्याशी बोलतच नाही…