भोक क्रमांक तीन

'या भोकात पिग्मीच्या वायरीशिवाय काहीही घालू नये. हुकमावरून.'

वाशिममधल्या एका पतसंस्थेत कॉम्प्युटरच्या डब्यावर ही पाटी चिकटवलेली आहे. लाल स्केचपेन, वर पारदर्शक टेप, आणि भोकाकडे रोखलेला बाण. संस्थेच्या भिंतींवर काटकसर, सचोटी आणि सहकार यांच्यावर बरीच वाक्यं रंगवलेली आहेत. त्या सगळ्यांत शास्त्राच्या कसोटीला उतरणारं वाक्य हे एकच, आणि ते शिपायानं लिहिलेलं आहे.

पिग्मीवाला, म्हणजे दारोदार फिरून रोजची बचत गोळा करणारा संस्थेचा एजंट, सकाळी येतो, मशीन वायरीनं कॉम्प्युटरला जोडतो आणि खातेदारांची यादी मशीनमध्ये उतरवून घेतो. मग दिवसभर पाटणी चौक, भाजीबाजार, बसस्टँड. चहाची टपरी, केळ्यांची गाडी, पंक्चरवाला. कुणाचे वीस, कुणाचे पन्नास; सोयाबीनचा हंगाम असला की हमाल शंभराची नोटसुद्धा काढून देतात. प्रत्येकाला चिठ्ठी. संध्याकाळी परत तीच वायर, तेच भोक, आणि दिवसभराची वसुली कॉम्प्युटरच्या पोटात. आता हे काम नीट झालं तर सदर कशावर लिहायचं?

परवा मॅनेजरसाहेबांचा मोबाइल उतरला. साहेबांनी पाटी वाचली. तिच्यात मोबाइलचा उल्लेख नाही हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी पिग्मीची वायर उपसून शेजारच्या भोकात घातली आणि रिकाम्या झालेल्या भोकात आपला चार्जर. संध्याकाळी पडद्यावर अक्षरं उमटली: 'मशीन सापडले नाही.'

मशीन टेबलावर होतं. दिवा लागलेला होता. शेजारी नोटांची गड्डी होती.

"साहेब, मशीन तं चालू हाय," पिग्मीवाले भाऊ म्हणाले.

"कॉम्प्युटर नाही म्हणते ना पण," साहेब म्हणाले. साहेब कॉम्प्युटरच्या बाजूनं होते. ते नेहमीच कॉम्प्युटरच्या बाजूनं असतात.

या भोकाचं शास्त्र एकदा सांगूनच टाकतो. मशीनची वायर जुन्या घराण्यातली, नऊ टाचण्यांची. तिचे नियम ठरले 1960 साली. वाशिम जिल्हा झाला 1 जुलै 1998 रोजी, म्हणजे वायरीचे नियम जिल्ह्यापेक्षा 38 वर्षांनी वडील. नव्या कॉम्प्युटरला सहसा असलं भोकच नसतं, म्हणून मध्ये एक यूएसबीचं बोंडुक लावतात. बोंडुक आत गेलं की विंडोज त्याला नंबर देतं: कॉम 3. स्वस्तातल्या बोंडकाला स्वतःचा अनुक्रमांक नसतो, त्यामुळे तेच बोंडुक शेजारच्या भोकात घातलं की विंडोजला वाटतं नवा पाहुणा आला. त्याला दुसरा नंबर, कॉम 7. आणि पिग्मीचं सॉफ्टवेअर? ते अजून तीन नंबरचं दार वाजवत उभं. वसुली सात नंबरच्या दाराशी ताटकळलेली. दोन्ही दारांत बोटभर अंतर.

बरं, आकडा बदलून द्यावा म्हटलं, तर डिव्हाइस मॅनेजर उघडायचं, पोर्ट्सवर जायचं, अ‍ॅडव्हान्स्ड दाबायचं आणि सातच्या जागी तीन निवडायचा. चहा कपातून बशीत ओतेपर्यंत होणारं काम. पण विंडोज तिथं सांगतं, तीन 'वापरात आहे'. कोण वापरतंय? कुणीच नाही. हेच बोंडुक आधीच्या भोकात होतं, त्या जुन्या नोंदीच्या नावावर नंबर राखून ठेवलेला असतो. मतदारयादीत मयतांची नावं टिकतात तसाच. तरीही 'हो' दाबलं की नंबर मिळतो. फक्त हे सगळं करायला अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो, आणि पासवर्ड आहे इंजिनिअरकडे, आणि इंजिनिअर आहे नागपुरात, आणि नागपुरातला फोन म्हणतो, "रिस्टार्ट करून पाहा." केलं. "वायर काढून परत लावा." लावली. कुठल्या भोकात, हे फोन विचारत नाही. गंमत म्हणजे या नंबरांचा दरारा असा की विंडोजमध्ये COM3 एवढंच नाव दिलेलं साधं फोल्डरसुद्धा आजही करता येत नाही. घरी करून पाहा. म्हणजे कुबेराच्या भांडारातही इतकी राखीव जागा नसेल, आणि या राखीव जागेत राहायला आहे कोण, तर साहेबांच्या मोबाइलचा चार्जर!

शेवटी क्लार्कनं तोडगा सुचवला: आधी 'मशीनवर पाठवा' करू, मग 'मशीनवरून घ्या'. हे बटण त्या दिवशी दाबलं गेलं नाही हे बालाजीची कृपाच. कारण उद्याची यादी मशीनवर चढली की आजची वसुली पुसली जाते. चिठ्ठ्या उरतात म्हणा लोकांकडे. पण त्या थर्मल कागदावर, आणि उन्हात ठेवलेल्या थर्मल कागदावरचं शाईविना उमटलेलं अक्षर किती टिकतं हे वाशिमच्या मे महिन्याला विचारा.

इथपर्यंत मी हसत होतो. पुढं साहेब म्हणाले, "अपलोड झाल्याबिगर कॅश घेता येत नाही. स्लिप जुळली पाहिजे."

म्हणजे नोटा समोर, मोजलेल्या, रबर लावलेल्या. आणि त्या घेता येत नाहीत, कारण त्या आल्याचं कॉम्प्युटरला ठाऊक नाही! "मंग हे पैसे मी घरी नेऊ काय?" भाऊंनी विचारलं. न्यायचे. रात्री, सायकलवर, पिशवीत. वाटेत काही झालं तर भरपाई कुणाची? एजंटाची. करारात तसं आहे. मशीन संस्थेचं, वायर संस्थेची, भोक संस्थेचं, चार्जर साहेबांचा, जोखीम एजंटाची. तो शेकड्यामागं दोन-तीन रुपयांवर उन्हातान्हात फिरतो. बँकांसाठी पिग्मी गोळा करणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयानं 2001 साली 'कामगार' मानलं खरं, पण नियमित नोकर नव्हे. पतसंस्थेतला बिचारा तर त्या वादात कुठं बसतो हे कुणी त्याला सांगितलेलंही नाही. 1928 साली उडुपीत दारोदार दोन-दोन आणे गोळा करायची ही पद्धत सुरू झाली. त्या दोन आण्यांना भोक लागत नव्हतं. मशीन येण्याआधी आपल्याकडेही खातेदाराच्या कार्डावर आणि एजंटाच्या वहीत एकाच पेनानं एकाच वेळी आकडा लिहिला जायचा, आणि दोन्हीकडे सही. केळीवाली मावशी सही करायची नाही, अंगठाही नाही. तिच्या डोक्यात आकडा पक्का असायचा. तो आजही असतो. तिला विचारा, किती महिन्यांपूर्वी कुठल्या दिवशी खाडा पडला, सांगेल. आणि तिचे पैसे आले की नाही हे ठरवणार कोण, तर स्वस्तातला प्लॅस्टिकचा तुकडा कुठल्या भोकात आहे ते!

असो. रक्तदाब वाढतो.

संचालक मंडळानं आता यावर कायमचा उपाय काढल्याचं कळतं. वायर बंद. पुढच्या महिन्यापासून मोबाइल आणि ब्लूटूथचा छोटा प्रिंटर. भोकच नाही म्हटल्यावर भांडण कसलं, असं सभेत सांगण्यात आलं आणि चहा झाला. विक्रेत्यानं प्रिंटर दाखवायला म्हणून तो संस्थेच्या कॉम्प्युटरशी जोडून दाखवला. ब्लूटूथनं जोडलं की विंडोज त्यालाही कॉमचे नंबर देऊ शकतं. इथं दोन दिले, एक जाणारा, एक येणारा. आठ आणि नऊ.

मोबाइल एजंटानं स्वतःचा आणायचा आहे.