शिबिरवीर

डिसेंबरच्या थंडीत पंचवटीत पहाटे दोनच प्रकारची माणसं लगबगीत दिसतात. रामकुंडावर डुबकी मारायला निघालेले यात्रेकरू, आणि पेठ नाक्यावर सॅक, गादीची वळकटी नि ब्लूटूथ स्पीकर घेऊन उभा राहिलेला आमचा शिबिरवीर. यात्रेकरूला पुण्य हवं असतं. याचं सर्टिफिकेटवर भागतं.

शिबिर राष्ट्रीय सेवा योजनेचं, आणि या योजनेची माहिती त्याला तोंडपाठ. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ला, ३७ विद्यापीठांत ती सुरू झाली. वर्षाला १२० तास सेवा, दोन वर्षांत २४०, शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर. छातीवरच्या बिल्ल्यात कोणार्कच्या रथाचं चाक असतं. त्याचे आठ आरे म्हणजे आठ प्रहर. स्वयंसेवक चोवीस तास सेवेला हजर! हे तो गाडीत सगळ्यांना समजावतो आणि सावळघाट यायच्या आत घोरायला लागतो.

परदेशातली पोरं म्हणे विमानाचं तिकीट काढून घानाच्या खेड्यांत सेवेला जातात. आमच्या वीराला पेठ तालुका पुरतो. पावसाळ्यात तिथे धो धो कोसळतं आणि उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन वणवण फिरतात, हे भाषण त्याने घरूनच लिहून आणलेलं असतं. घरी मात्र प्यायचं पाणी आईने हातात द्यावं लागतं.

शिबिराचं मुख्य काम म्हणजे वनराई बंधारा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, तोंडं शिवायची आणि नाल्यात विटांसारखी सांधेमोड करत रचायची, की पाणी थोपतं. काम सोपं, पण आमचा वीर गोणी काठोकाठ भरतो आणि मग ती त्याला हलत नाही. दोघं मित्र येतात, तिघं येतात, "हर हर महादेव" होतं. शेवटी काठावर बसलेली आजी उठते, निम्मी माती ओतून टाकते, गोणी कमरेवर घेते आणि नाल्यात नेऊन ठेवते. वीर तेवढ्यात तिच्या शेजारी जाऊन गोणीला हात लावतो. फोटो येतो तो याच क्षणाचा.

खरं सांगायचं तर हे शिबिर चालवतं गावच. पोरांना कुठे खणायला लावलं तर पाय मोडणार नाही, कोणाला विळा द्यायचा नाही, रात्री कोण घाबरतं, याचा हिशेब गावकऱ्यांकडे चोख असतो. पोरं गेली की दोन जाणती माणसं बंधाऱ्यावर जाऊन तिरक्या गोण्या सरळ करतात, फटींत माती लिंपतात, आणि त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

दुपारी सर्वेक्षण. वीर फॉर्म घेऊन आजीच्या ओट्यावर बसतो.

"आजी, घरात माणसं किती?"

"सहा. तू जेवलास का?"

"आजी, शिक्षण किती झालंय तुमचं?"

"शाळा नाय पाहिली. तुझा चेहरा उतरलाय रे पोरा. जेव आधी."

नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी समोर येते. तिसऱ्या भाकरीला फॉर्म मांडीखाली जातो. पुढचे रकाने तो संध्याकाळी शाळेच्या वर्गात बसून स्वतःच्या अंदाजाने भरतो. त्यामुळे त्या गावच्या प्रत्येक घरात सहाच माणसं राहतात.

रात्री व्यसनमुक्तीचं पथनाट्य. दारुड्याचं काम वीराकडे, कारण ते त्याला फारच छान जमतं. गाव पोट धरून हसतं. एक म्हातारबाबा तर दुसऱ्या दिवशी त्याला गाठून, झोक जाताना पाऊल कसं टाकायचं ते दाखवून जातो.

सातव्या दिवशी समारोप. वीर माईकवर रडतो, आणि ते रडू खरं असतं, एवढं मी त्याच्या बाजूने म्हणेन. आजी त्याच्या सॅकमध्ये नागलीच्या पिठाची पिशवी कोंबते. घरी आल्यावर आई ती उघडून विचारते, "हे कसं थापतात रे?" त्यावर वीर सात दिवस भाकऱ्या खाल्ल्याच्या अधिकाराने अर्धा तास बोलतो.

सध्या त्याचं सगळं लक्ष सिंहस्थाकडे लागलंय. परवा पंचवटी कारंज्यावर चहा पिताना त्याने शिबिराच्या सरांना गाठलं.

"सर, कुंभातली सेवा १२० तासांत धरतील ना?"

"धरू की. गर्दीत म्हाताऱ्या माणसांना हात धरून चालवायचं, हरवलेल्यांना घरच्यांपर्यंत पोचवायचं. जमेल?"

"जमेल, सर. पण जॅकेट कुठल्या रंगाचं देणार?"