लोकस्टची पारख: नवशिक्यांसाठी प्रयोगवही

उद्देश

बॅटलटेक या टेबलावरच्या युद्धखेळात लोकस्ट नावाचे २० टनी हेरयंत्र असते. त्याच्या चार प्रकारांची तुलना करून कोणता घ्यावा हे स्वतःच्या बुद्धीने ठरवणे. 'स्वतःच्या बुद्धीने' यावर भर द्यावा, कारण टेबलाभोवती बसलेले तीन अनुभवी खेळाडू तुम्हाला चार वेगवेगळी उत्तरे देतील आणि चौथा म्हणेल, "लोकस्ट कशाला? सरळ ॲटलस घ्या." चौथ्याचे पटले असेल तर वही इथेच मिटावी. ॲटलस १०० टनांचा असतो आणि त्याला पारखावे लागत नाही.

पूर्वज्ञान

हा खेळ १९८४ मध्ये शिकागोच्या फासा कंपनीने 'बॅटलड्रॉइड्स' नावाने काढला. 'ड्रॉइड' शब्दावर स्टार वॉर्सवाल्यांनी हक्क सांगितला, म्हणून पुढच्याच वर्षी त्याचे 'बॅटलटेक' झाले. लोकस्टचे मूळ रूप 'क्रशर जो' या १९८३ च्या जपानी ॲनिमेशनपटातले. पुढे अशा चित्रांच्या हक्कांवरून वाद झाले आणि जुनी रूपे बराच काळ पुस्तकांतून नाहीशी झाली. थोडक्यात, ज्या यंत्राला एकतिसाव्या शतकात पाच राजघराण्यांच्या लढाया लढायच्या होत्या, त्याला आधी विसाव्या शतकातल्या वकिलांशी लढावे लागले.

या यंत्राच्या आत माणूस बसलेला असतो. त्यामुळे त्याला 'रोबो' म्हटले की जुने खेळाडू दुखावतात. 'मेक' म्हणावे.

साहित्य

षटकोनी घरांचा, म्हणजे हेक्सचा नकाशा, दोन फासे, प्रत्येक मेकची रेकॉर्ड शीट, पेन्सिल. शीटवर चिलखताचे छोटे गोल असतात. मार बसला की तेवढे गोल काळे करायचे. लोकस्टसाठी पेन्सिलीला टोक करायची गरज पडत नाही. गोल फार नाहीत.

तत्त्व

पहिले तत्त्व वजनाचे. इंजिन ६ टन, गायरो २, कॉकपिट ३, सांगाडा २. झाले १३. यातले काही काढले तर एकतर वेग जातो, नाहीतर पायलट. उरले ७ टन. मूळ लोकस्टमध्ये, म्हणजे एलसीटी-१व्हीमध्ये, त्यातले ४ टन चिलखताला आणि ३ टन शस्त्रांना दिले आहेत. चारही प्रकारांचे भांडण या ७ टनांच्या वाटणीचे आहे. भाऊबंदकीची प्रकरणे ज्यांनी जवळून पाहिली आहेत त्यांना पुढचा भाग सोपा जाईल.

दुसरे तत्त्व नेमाचे. नेम लागायला दोन फाशांची बेरीज एका आकड्याइतकी किंवा त्याहून जास्त यावी लागते. तो आकडा अडचणींची बेरीज असतो. साधारण पायलटचा मूळ आकडा ४. नेम धरणारा चालला असेल तर त्यात १ मिळवा, धावला असेल तर २. अंतर मध्यम असेल तर २, लांब असेल तर ४. शिवाय लक्ष्य ७ ते ९ घरे सरकले असेल तर ३ आणि १० ते १७ घरे सरकले असेल तर ४.

आता उदाहरण सोडवू. लोकस्ट १० घरे धावून ॲटलसपासून ५ घरांवर, म्हणजे दोघांच्याही शस्त्रांच्या मध्यम अंतरावर, थांबला. ॲटलस दोन पावले चालला आणि त्याने आपली एसी/२० ही तोफ रोखली. ४ अधिक १ अधिक २ अधिक ४, एकूण ११. फाशांच्या ३६ शक्यतांपैकी फक्त ३ मध्ये नेम लागतो. लोकस्टने आपला मध्यम लेझर रोखला: ४ अधिक २ अधिक २, एकूण ८. ३६ पैकी १५ शक्यता. लोकस्टची सगळी किंमत या ३ आणि १५ मधल्या फरकात आहे.

इथे नवशिक्याला उत्साह येतो. तो आवरावा. मध्यम लेझरचा एक फटका ५ गुणांचा आणि ॲटलसचे चिलखत ३०४ गुणांचे. ते एकट्या लोकस्टने लेझरने खरवडायचे ठरवले तर ६१ फटके लागतील, आणि ३६ पैकी १५ च्या दराने सुमारे १४६ टर्न. खेळातला एक टर्न १० सेकंदांचा, म्हणजे कथेत साधारण २४ मिनिटे. टेबलावर कित्येक रविवार.

कृती

पायरी १. शीटवरची शस्त्रांची यादी हाताने झाकावी. ही सर्वांत अवघड पायरी आहे. मेक पाहिला की नजर आधी तोफांवरच जाते आणि दुकानदारांचा त्यावरच भरवसा असतो. हात कृती संपेपर्यंत उचलू नये.

पायरी २. धाव मोजावी. लोकस्ट चालत ८ आणि धावत १२ गुण खर्च करतो. एक हेक्स ३० मीटरचा, म्हणजे ताशी सुमारे १३० किलोमीटर. मात्र १२ गुण म्हणजे १२ घरे नव्हेत. एक बाजू वळायला १ गुण, विरळ झाडीत शिरायला २, दाट झाडीत ३. दोनदा वळलात आणि एकदा विरळ झाडीतून गेलात की घरे भरतात ९, आणि शत्रूच्या आकड्यात ४ ऐवजी ३ मिळतात. त्या एका घराने ११ चा १० होतो आणि शत्रूच्या शक्यता ३ वरून ६, म्हणजे दुप्पट. म्हणून लोकस्ट चालवणारा नकाशाकडे पाहत ओठांत पुटपुटत असतो. तो प्रार्थना करत नाही, घरे मोजत असतो.

पायरी ३. मरण मोजावे. १व्हीच्या छातीवर पुढून १० गुणांचे चिलखत आणि आत ६ गुणांचा सांगाडा. एसी/२० चा फटका २० गुणांचा. १६ मधून २० वजा करावेत. उत्तर ऋण आल्यास घाबरू नये, ते बरोबर आहे. पीपीसी हे शस्त्र १० गुणांचे. ते डोक्यावर बसले तर ८ चिलखत आणि ३ सांगाडा मिळून ११ मधला १ गुण शिल्लक राहतो. याला लोकस्टच्या भाषेत सुदैव म्हणतात. पाठीकडे छातीला आणि दोन्ही कुशींना प्रत्येकी २ गुण आहेत. ते असल्याची नोंद घ्यावी आणि विसरून जावे.

पायरी ४. उष्णता मोजावी. मेकमध्ये १० हीट सिंक, म्हणजे एका टर्नला १० गुण उष्णता निघून जाते. धावल्याची २. राहिलेली ८ शस्त्रांना. हा ८ चा आकडा निरीक्षणांत पुन्हा लागेल.

पायरी ५. काम ठरवावे. इथे बहुतेक मार्गदर्शिका गप्प बसतात. लोकस्ट हेर आहे असे पुस्तकात छापलेले असते, पण टेबलावर हेरायचे काय? शत्रूचे सगळे मेक दिव्याखाली उभे आहेत, दोघांनाही दिसत आहेत आणि त्यांच्या शीट समोर पसरल्या आहेत. लपवाछपवीचे खास नियम लावले नाहीत तर हेर पहिल्या मिनिटाला बेकार होतो. त्याला चार वेगळी कामे द्यावी लागतात.

पहिले, वेळ काढणे. टर्नच्या सुरुवातीला फासे टाकून जो हरतो त्याला आधी हलावे लागते, आणि आधी हलणाऱ्याची चाल शत्रूला दिसते. अशा वेळी लोकस्ट पुढे करावा आणि मोठे मेक शेवटाला ठेवावेत. लढाईच्या मूल्यांकनात १व्ही ४३२ गुणांचा आणि ॲटलसचा एएस७-डी प्रकार १८९७ चा. म्हणजे एका ॲटलसच्या मोलात चार लोकस्ट येतात आणि १६९ गुण हातात राहतात. चार वेळा "तुमची चाल" म्हणायची ही सोय आहे.

दुसरे, नेम दाखवणे. टेकडीमागच्या मित्राला लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे सोडायची असतील तर शत्रूला पाहू शकणारा कोणीतरी लागतो. आकड्यात १ जास्त मिळवावा लागतो, शिवाय दाखवणाऱ्याच्या हालचालीचाही भार येतो. आणि दाखवणाऱ्याने स्वतःही गोळीबार केला तर दोघांच्या आकड्यात आणखी १. म्हणून या कामावर असलेल्या लोकस्टने हात बांधून बसावे.

तिसरे, पाठीत वार. चौथे, पायदळ हुसकावणे.

आता हात उचलावा आणि शस्त्रे पाहावीत. चारपैकी दोन कामांना त्यांची गरजच नाही हे लक्षात आले असेल. आले नसेल तर पायरी १ पासून पुन्हा.

निरीक्षणे

एलसीटी-१व्ही. एक मध्यम लेझर, दोन यंत्रबंदुका, १ टन गोळ्या. यंत्रबंदुकीचा पल्ला ३ घरे, फटका २ गुणांचा. १ टनात २०० फैरी, म्हणजे दोन्ही बंदुका सतत झाडल्या तरी १०० टर्न पुरतील. लोकस्ट पुरत नाही. तीन दिवसांच्या यात्रेला निघताना वर्षभराचे लोणचे बरोबर घ्यावे तसा हा प्रकार, आणि बरणी ठेवली आहे नेमकी छातीत. प्रत्येक शिल्लक फैरीचे २ गुण, म्हणजे भरलेला साठा पेटला तर ४०० गुणांचा स्फोट. उष्णतेचे ८ गुण वापरायला होते, हा ३ वापरतो. तरीही त्याला नापास करू नये. 'टोटल वॉरफेअर' या नियमपुस्तकात मध्यम लेझर पायदळातला १ सैनिक पाडतो आणि यंत्रबंदूक दोन फाशांच्या बेरजेइतके, म्हणजे २ ते १२. समोर पायदळ असेल तर चौघांत हाच पहिला.

एलसीटी-१ई. यंत्रबंदुका आणि गोळ्या काढल्या. दोन मध्यम आणि दोन लहान लेझर बसवले. वजन तेच ३ टन. उष्णता: मध्यमची ३ अधिक ३, लहानची १ अधिक १, एकूण ८. धावल्याची २ धरून बरोबर १०. गणिताच्या पुस्तकाबाहेर इतके सरळ उत्तर क्वचित येते. एका घरावरून सगळे फटके लागले तर ५, ५, ३ आणि ३ मिळून १६, तर १व्हीचे ९. ॲटलसच्या छातीमागचे चिलखत १४ आहे हे इथे आठवावे. शिवाय पोटात पेटण्यासारखे काही नाही.

एलसीटी-१एस. यंत्रबंदुकांच्या जागी जवळच्या पल्ल्याचे दोन एसआरएम-२ लाँचर. वजन १ टन वाढते, ते चिलखतातून कापले जाते. पल्ला लेझरइतकाच ३, ६, ९ घरांचा, त्यामुळे घरात एकवाक्यता. प्रत्येक क्षेपणास्त्र २ गुणांचे आणि वेगवेगळ्या जागी बसणारे. शाबूत मेकवर त्यांनी ओरखडे पडतात. पण मित्रांनी आधीच फोडून ठेवलेल्या मेकवर सोडले तर एखादे उघड्या जागी शिरून आतले यंत्र निकामी करू शकते. हा लढाईच्या उत्तरार्धात उपयोगी पडणारा प्रकार आहे. त्याला उत्तरार्धापर्यंत जिवंत ठेवणे हा स्वतंत्र प्रयोग.

एलसीटी-१एम. दोन एलआरएम-५, लांब पल्ल्याचे. यंत्रबंदुका दोन मिळून १ टनाच्या होत्या, हे लाँचर ४ टनांचे. वाढीव भार चिलखतावर पडला. इतर काही उरलेच नव्हते. पल्ला २१ घरांचा, पण ६ घरे किंवा त्याहून जवळ नेम बिघडत जातो. लेझरचा पल्ला ९ घरांवर संपतो. म्हणजे दोघांनाही चालेल अशी जागा फक्त ७ ते ९ घरे, आणि तिथे लेझरच्या दृष्टीने अंतर लांब. दुरून मारा करायला ताशी १३० चा वेग लागत नाही आणि वेगाचा फायदा घ्यायला जवळ गेले की क्षेपणास्त्रे रुसतात. ही पाच राजघराण्यांपैकी मरिक घराण्याची आवड. राजघराण्यांच्या आवडीवर प्रयोगवहीत शेरा मारू नये.

दक्षता

१. लोकस्ट उभा ठेवू नये. उभा लोकस्ट म्हणजे रेकॉर्ड शीटचा शेवट.
२. ॲटलसच्या पाठीशी पोचल्यावर जल्लोष करू नये. एएस७-डीच्या पाठीला दोन मध्यम लेझर मागे तोंड करून बसवलेले असतात.
३. मोठ्या मेकला चिकटून टर्न संपवू नये. १०० टनी मेकची लाथ २० गुणांची. लोकस्टचा पाय चिलखत आणि सांगाडा मिळून १२ गुणांचा. उरलेले ८ कुशीत जातात.

अनुमान

पायदळ असेल तर १व्ही. मेकविरुद्ध पाठीत वार करायचा असेल तर १ई. मोठ्या सोबत्यांच्या मागे फिरायचे असेल तर १एस. १एम त्याने घ्यावा, ज्याला तो आवडतो; खेळात हेही सबळ कारण असते. वेळ काढायला आणि नेम दाखवायला चारही सारखेच, कारण ती कामे पायांची आहेत आणि पाय सर्वांचे एकच आहेत.

स्वाध्याय

प्र. १. १०० टनी मेकने तुमच्या लोकस्टकडे पाहिलेच नाही. हा अपमान की यश? सकारण लिहा. (३ गुण)

प्र. २. विरुद्ध बाजूचा खेळाडू १एम घेऊन आला आहे. त्याला काय म्हणाल? सौजन्याला १ गुण राखून ठेवला आहे. (२ गुण)

प्र. ३. तुमचा लोकस्ट सहाव्या टर्नला मेला. तुमचे नुकसान किती? (५ गुण)
सूचना: उत्तर लिहिण्यापूर्वी शत्रूची शीट मागून घ्यावी. एएस७-डीकडे एसी/२० चे एकूण १० गोळे असतात. त्यातले किती लोकस्टमागे वाया गेले ते मोजावे आणि तेवढे गोळे तुमच्या मोठ्या मेकवर पडले असते तर काय झाले असते ते कच्च्या कागदावर काढावे. चार किंवा अधिक गोळे वाया गेले असल्यास नुकसान लिहू नये. त्या रकान्यात 'जमा' लिहावे.